दौलतला उचललं तेव्हा

“हात लावू नका त्याला! पडू दे तिथंच!”

सुदेश इतक्या मोठ्यानं ओरडला, की दुबईच्या मीना बाजारातल्या दुकानात खांद्यावर साडी टाकून आरशात बघणारी बाईसुद्धा दचकून वळली. आणि ओरडला तेही मराठीत. त्या घोळक्यात ते कुणाला कळणार? झालं होतं एवढंच, की देवळाच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा शिंपी, गळ्यात टेप, हातात चहाचा कागदी कप, चालता चालता गुडघ्यांत दुमडला, फरशीवर बसला आणि बसल्या बसल्या आडवा झाला. चौघे धावले. कुणी काखेत हात घातले, कुणी पाय धरले. माणसं करतात तेच ती करत होती. सुदेश मात्र मध्ये घुसून त्यांचे हात झटकायला लागला. “उठाओ मत! यहीं रखो! पहले एम्ब्युलन्स बुलाओ!” त्यातल्या एका धिप्पाड पंजाब्यानं त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं. “इन्सान हो कि नहीं, भाईसाब?” तेवढ्यात शिंप्यानं डोळे उघडले. शुगर उतरली होती म्हणाला, कुणीतरी पुढे केलेला पेढा खाल्ला, सांडलेल्या चहाबद्दल हळहळला आणि आपल्या पायांनी दुकानाकडे निघाला. खलास. गर्दी पांगली. सुदेशच तेवढा अर्ध्या फुटपाथवर उभा राहिला, आणि आपण नक्की कुणावर ओरडलो हे त्याला कळेना.

मेट्रोत बसल्यावरही त्याच्या तळहातांना ती काख जाणवत होती. शिंप्याची नव्हे, शिंप्याला तर त्यानं हातही लावला नव्हता. काख दौलतची होती. घामानं भिजलेला जाड निळा शर्ट, त्याखाली वाफाळल्यासारखं अंग, आणि माणूस शुद्धीवर असूनही अंगाला आलेला तो विचित्र जडपणा. आज सुट्टी होती. सकाळी बर दुबईत देवाला हात जोडायचे, खाडीवर अब्रात, त्या लाकडी होडीत, बसून एकदा पलीकडे जाऊन यायचं आणि दुपारी डिस्कव्हरी गार्डन्सला समिधाताईंकडे जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. अब्रा राहूनच गेली. समिधाताई मूळच्या पुण्याच्या, इथं भाषांतराचं काम करायच्या. ॲमस्टरडॅमच्या एका वकीलबाईंसाठी त्या दुभाषी झाल्या होत्या. आज त्या वकीलबाई व्हिडिओवर सुदेशची जबानी घेणार होत्या. दौलतच्या मरणाची. पूर्वतयारी म्हणून समिधाताईंनी काल फोनवर एवढंच सांगितलं होतं, “दादा, त्या एकच गोष्ट परत परत विचारतील. त्याला उचललं कुणी, आणि कुणाच्या सांगण्यावरून. नीट आठवून या, प्लीज.” आठवून या म्हणे. जणू काही तो विसरायच्या खटपटीत कधी यशस्वी झाला होता.

दौलत त्याच्या वाडीतला नव्हता, शेजारच्या वाडीतला. गावी दोन्ही वाड्यांचं शिमग्यातल्या पालखीवरून पिढीजात वाकडं. पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचायची यावरून एकदा डोकी फुटली होती, आणि त्यातलं एक डोकं सुदेशच्या काकाचं होतं. पण अबुधाबीत मुसफ्फाच्या कामगार कॅम्पमध्ये दोघांच्या खाटा एकावर एक आल्या आणि भांडणाला जागाच उरली नाही. दौलत वरच्या खाटेवरून पाय खाली सोडून बसायचा, ते पाय सुदेशच्या तोंडासमोर लोंबायचे. “तुझ्या वाडीला आमच्या वाडीचे पाय बघायला मिळाले, पालखीपेक्षा मोठा मान आहे,” असं म्हणून स्वतःच हसायचा. काम इमारतीच्या बाहेरून काचेची तावदानं बसवण्याचं. सुदेश आठ माणसांवरचा मुकादम. त्यामुळे बाकीच्यांचं हेल्मेट पिवळं आणि त्याचं निळं. पगारात फरक म्हणावा तर महिनाभर दोन वेळ चहा जास्त प्यावा इतका. पण गावी त्याच्या आईनं त्या निळ्या हेल्मेटातला फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला होता. कंपनी मूळची हॉलंडची. इथली कंपनी तिची लेक. इंजिनियर, मॅनेजर सगळे लेकीचे, आणि वर्षातून एकदा आईकडची गोरी माणसं यायची, हात मिळवायची, सगळ्यांना टोप्या वाटून जायची.

त्या माणसांनीच साइटवर एक पोस्टर लावलं होतं. उन्हानं माणूस पडला तर काय करायचं, याची चित्रं. हलवू नका, सावली धरा, पाणी मारा, फोन करा. चित्रातला पडलेला माणूस पिवळ्या मिशांचा होता आणि पडल्या पडल्याही हसत होता, म्हणून आठही जणांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. आणि गेटवर दुसरा मोठा फलक: अपघाताविना गेलेले दिवस. आकडा रोज सकाळी बदलायचा. महिना अखंड गेला तर साइटवर सगळ्यांना बिर्याणी आणि चिठ्ठ्या टाकून एकाला मोबाइल. एकदा बंगाली वेल्डरांतल्या कुणाचं बोट चेपलं, ते नोंदवलं गेलं आणि आकडा शून्यावर आला. पुढचे कित्येक दिवस जेवणाच्या रांगेत त्या बंगाल्यांशी कुणी धड बोललं नाही. मॅनेजर कधीच म्हणाला नाही की लपवा. उलट दर सोमवारी तो म्हणायचा, रिपोर्ट करा, घाबरू नका. पण त्या बंगाल्यांची तोंडं सगळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून कापलेलं, खरचटलेलं, गरगरलेलं, सगळं खोलीवर जायला लागलं. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. सुदेशला आता मेट्रोच्या गारव्यात बसून वाटत होतं, की हे दुसऱ्या माणसाला कुठल्याही भाषेत समजावता येणार नाही. न दिलेला हुकूम कसा दाखवायचा?

दौलत पडला तो दुपारची उन्हातल्या कामाची बंदी सुरू व्हायच्या आधी. म्हणजे कायद्यानं ऊन अजून ऊन झालेलं नव्हतं. तो सकाळपासून तोंड वाकडं करून काम करत होता, पाणी पिऊन ओकला होता, आणि सुदेशनं त्याला म्हटलंही होतं की बस जरा. तो बसला तो बसलाच. मग पडला. आणि सुदेशच्या तोंडून शब्द निघाला, “उचला रे.” आठांतल्या मिथुननं पाय धरले, सुदेशनं काखा. मागच्या बाजूला कामगारांची बस उभी होती, ड्रायव्हर ओळखीचा. गावी असं कुणी वाटेत पडलं, तर पहिलं त्याला घरात घेतात, डोळ्याला पाणी लावतात, मग बाकीचं. रस्त्यावर चारचौघांच्या नजरेखाली आपला माणूस तसाच टाकणं म्हणजे त्याची अब्रूच टाकणं. सुदेशचे आजोबा बैलगाडीच्या वाटेवर पडले होते, तेव्हा ज्या वाडीशी वैर त्याच वाडीच्या माणसांनी त्यांना उचलून घरात आणलं होतं. त्यानंतर वर्षभर पालखीचं भांडण झालं नाही. बसमध्ये दौलतचं डोकं सुदेशच्या मांडीवर होतं. त्यानं डोळे न उघडता विचारलं, “माझा डबा घेतलास?” सुदेश म्हणाला, घेतला. घेतला नव्हता. खोलीवर एसी लावला, कपाळावर ओला टॉवेल ठेवला, दौलतच्या बायकोनं पाठवलेलं कोकम पाण्यात कालवलं, ते त्याच्या ओठांवरून गळ्याकडे ओघळलं, आणि मग कॅम्प बॉसनं ॲम्ब्युलन्स बोलावली तेव्हा बोलावण्यासारखं काही उरलं नव्हतं. दाखल्यावर लिहिलं: हृदय बंद पडून नैसर्गिक मृत्यू, राहत्या जागी. फलकावरचा आकडा दुसऱ्या सकाळी एकानं वाढला. सुदेशनं तो पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. वाटायला लागलं ते फार नंतर, बिर्याणीचा वास आला तेव्हा.

शवपेटीबरोबर गावी तोच गेला. दौलतच्या बायकोला, नर्मदावहिनीला, त्यानं सगळं होतं तसं सांगितलं. पडला कुठं, उचललं कुणी, मांडीवर डोकं कुणाच्या. वाटलं होतं, ती अंगावर धावून येईल. ती त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडली. “भावोजी, तुम्ही होतात म्हणून. नायतर माझा माणूस परक्या मुलखात उन्हात पडून ऱ्हायला असता.” वर्षश्राद्धाला, बचत गटात, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली तिथं, जिथं तिथं ती हेच सांगायची: परक्याच्या हातात गेला नाय, आपल्या माणसांच्या हातांत गेला. दर वर्षी गावाहून परतणाऱ्या कुणाबरोबर तरी सुदेशला आंबोशी आणि कोकमं यायची. तो ती खायचा. गळ्याखाली उतरायची, हेच त्याला आवडत नसे. पुढे कुणी संस्थेची माणसं तिच्यापर्यंत पोचली, म्हणाली, आईकडच्या देशात, हॉलंडात, त्या आईकंपनीवर दावा लावता येतो. लेकीनं माणसं कशी वागवली याबद्दल. तिनं अंगठा नाही, चांगली सही केली. तेव्हापासून सुदेशच्या मनात एक जागा तयार झाली होती, तिला आशा म्हणायची त्याला लाज वाटे. कोण कुठलं ॲमस्टरडॅम, आणि तिथं एक न्यायाधीश दौलतचं नाव वाचणार. वाकडंतिकडं का होईना, वाचणार.

समिधाताईंच्या घरात भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास होता. त्यांची मुलगी अनन्या टॅबवरून मान वर न करता म्हणाली, “ममा, समवन्स हिअर.” ताईंनी पाणी दिलं, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, आणि कॉल लागेपर्यंत त्याला समजावू लागल्या. “दादा, बेसिकली असं आहे. कोर्ट तिकडचं, पण लॉ इकडचाच लागणार. कारण डॅमेज इथं झालं ना, डेथ इथं झाली. आणि इकडच्या लॉनं दाव्याची मुदत येत्या समरला संपते. त्यामुळे हे लास्ट स्टेटमेंट.”

“म्हणजे पंच तिकडचे आणि नियम इकडचे?”

“एक्झॅक्टली.”

“मग एवढं लांब कशाला गेलो आपण?”

ताई हसल्या नाहीत. “पैसेवाली कंपनी तिकडं आहे म्हणून. आणि कंपनीचा डिफेन्स ऐकून ठेवा. ते म्हणतात, आम्ही पॉलिसी दिली होती, पोस्टर लावले होते. माणसाला हलवू नका असं क्लिअर लिहिलं होतं. त्याच्याच गावच्या लोकांनी, त्यांच्या पद्धतीनं, आपल्या मर्जीनं त्याला उचलून नेलं. जागेवर ट्रीटमेंट मिळाली असती तर वाचला असता. आम्ही काय करणार? हे प्रूव्ह झालं, तर केस खलास.”

जावईबापू कोर्टात साक्षीला उभे राहिलेत, असं चित्र सुदेशच्या डोळ्यांपुढे आलं. त्याला हसू आलं.

वकीलबाई पडद्यावर आल्या. आखूड पांढरे केस, मागे खिडकी, खिडकीत एक हिरवं झाड. त्यांनी “नमस्कार, सुदेशजी” इतकं नीट म्हटलं, की बाईंनी याचा सराव केलाय हे त्याला जाणवलं आणि त्या आवडल्या. त्यांनी फलकाबद्दल विचारलं, बिर्याणीबद्दल, बंगाल्यांबद्दल. तो सांगत गेला, ताई इंग्रजीत सांगत गेल्या. मग त्यांनी विचारलं, लपवायला कुणी सांगितलं होतं का? नाही. मॅनेजरनं? नाही. इंजिनियरनं? इशाऱ्यानं तरी? नाही. बाईंनी लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा थकला. एवढ्या लांबून टाकलेला दोर इथं येऊन कशाला तरी अडकायला हवा होता, आणि अडकायला काहीच नव्हतं.

“त्या वेळी ‘उचला’ असं कोण म्हणालं?”

“मी.”

“तुम्ही कंपनीत कोण होतात?”

“मुकादम. आठ माणसांवरचा.”

बाईंची बोटं टाइप करता करता थांबली. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि उजळल्याबद्दल त्यांना लगेच वाईट वाटलं, तेही दिसलं. त्या ताईंशी भराभर बोलल्या. ताईंनी ते सांगताना सुदेशकडे बघायचं टाळलं. “त्या म्हणतात, हे इम्पॉर्टंट आहे. मुकादम म्हणजे कंपनीचा माणूस. तुम्ही माणसांना ऑर्डर दिली असेल, तर उचललं ते दोस्तांनी नव्हे, कंपनीनं उचललं. मग डिफेन्स पडतो. तुमच्यावरून इथली कंपनी, इथल्या कंपनीवरून हॉलंडची जबाबदार ठरते. पण त्यांना नक्की कळायला हवं. तुम्ही ‘उचला’ म्हणालात, ते सुपरव्हायझर म्हणून म्हणालात, की मित्र म्हणून?”

सुदेश टेबलावरच्या शेंगदाण्यांच्या ताटलीकडे बघत राहिला. कोणत्या तोंडानं म्हणालो? तोंड एकच होतं. डोक्यावर निळं हेल्मेट होतं हे खरं. ते नसतं तर मिथुननं पाय धरले नसते का? धरलेच असते. पण फलकावरचा आकडा त्या क्षणी आपल्या डोक्यात होता का? त्यानं स्वतःला हे हजारदा विचारलं होतं, आणि कधी वाटायचं होता, कधी वाटायचं आजोबा होते, बैलगाडीची वाट होती. दोन्ही एकाच वेळी असतील तर त्याला काय म्हणतात? ज्या कंपनीनं त्याला बसायला कधी खुर्ची दिली नाही, वर्षातून एकदा टोपी दिली, ती कंपनी त्या दिवशी त्या उन्हात कुठं होती असं शोधत गेलं, तर सगळ्या जगात एकच जण सापडत होता, आणि तो सुदेश होता. मॅनेजर एसीत, मालक हॉलंडात, आणि कंपनी म्हणून उन्हात उभा कोण, तर हा. त्याला हे इतकं उलटं वाटलं, की त्यात एक प्रकारचा सुटकेचा वारा लागला. दौलतसाठी आता करण्यासारखं एवढंच शिल्लक होतं, आणि ते फक्त त्यालाच करता येणार होतं.

“मुकादम म्हणून,” तो म्हणाला. “हुकूम म्हणून. लिहा.”

ताईंनी माइक बंद केला. “दादा, थांबा. हे ऑन रेकॉर्ड गेलं, तर इथं तुमच्यावर पोलीस केस होऊ शकते. निष्काळजीपणानं मृत्यू. पासपोर्ट अडकेल, जेलसुद्धा. कंपनी तर स्वतःहून कम्प्लेंट करेल. तुमची फॅमिली आहे ना?”

“आहे. सांगा त्यांना.”

ताईंनी माइक सुरू केला आणि सांगितलं. सुदेशला कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या की दावा नर्मदाबाईंचा आहे. त्यात हा नवा मुद्दा घालायचा, तर त्यांची संमती आत्ताच, याच रेकॉर्डिंगवर लागेल. पलीकडे घंटी गेली. नर्मदावहिनी अंगणवाडीच्या पडवीत उभी होती, तिथंच रेंज येते म्हणून. पदर डोक्यावर, चेहरा फोनच्या फार जवळ. ताईंनी तिला सावकाश, सोप्या मराठीत सगळं सांगितलं: आता केसमध्ये असं लिहायचं, की सुदेशनं कंपनीचा मुकादम म्हणून दौलतला उचलायला लावलं, आणि उचललं म्हणून तो गेला. तुम्हाला हे मान्य आहे का?

नर्मदेनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

“म्हंजे उचललं ते वायट केलं, असं मी म्हणायचं?”

“केससाठी, वहिनी,” सुदेश पुढे वाकून म्हणाला. “नुसतं हो म्हणा. मीच सांगतोय तुम्हाला.”

“भावोजी, तुमाला धरतील काय?”

“नाही धरत कोणी.”

“ताई, तुमी सांगा.”

समिधाताईंनी खाली बघत म्हटलं, “धरू शकतात.”

नर्मदेनं पदर सारखा केला. मग फोन आणखी जवळ धरून, कुणाला तरी लांबवर ऐकू जावं अशा आवाजात बोलली. “मग लिवा. त्या बाईंना सांगा. मी तिथं असते, तर मीच सांगितलं असतं उचला म्हणून. खोलीवर न्या, सावलीला न्या, माझ्या माणसाला चारचौघांत उन्हात टाकू नका. आमच्यात असंच करतात. हे भावोजींनी हुकमानं नाय केलं, आमचा म्हणून केलं. हे माझं बोलणं आहे, माझी सही घ्या यावर.”

“वहिनी, नका ओ,” सुदेश म्हणाला.

वकीलबाई विचारत होत्या, काय म्हणाल्या त्या? ताईंनी सुदेशकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नको, नको. “मला सांगावंच लागतं, दादा. ओथ घेतलीय मी,” असं म्हणून त्यांनी शब्दन्‌शब्द सांगितला. पडद्यावर बाईंनी चष्मा काढला. बोटं टाइप करायची थांबली ती पुन्हा सुरू झाली नाहीत. “कंपनीही हेच म्हणते,” त्या इंग्रजीत ताईंना म्हणाल्या, आणि मग, थँक यू, मिसेस नर्मदा. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका गेला. त्यांच्या मागच्या झाडावर ऊन पडलं होतं, इथल्यासारखं नव्हे, नुसतं उजेड देणारं.

फोन अजून चालूच होता. अंगणवाडीत पोरं कसलीतरी कविता एका सुरात म्हणत होती. नर्मदेच्या आवाजात कितीतरी दिवसांनी मोकळेपणा आला होता.

“झालं ना ओ भावोजी? आता तुमच्यावर काय येत नाय. आणि कंपनीला काय तोंड ऱ्हायलं नाय. आता सोडत नायत तिला, होय ना?”

“होय वहिनी,” सुदेश म्हणाला.